तीन वंचित महिला पाहिजेत

पालिकेचं पत्र आलं तेव्हा जावकरावांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्या दिवशी झालीच नाही. यावरून पत्राचं गांभीर्य ज्याचं त्यानं ओळखावं.

जावकराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं एका कचेरीच्या जावक विभागात बसून त्यांनी आतले कागद बाहेर पाठवले होते. ते सगळे एकावर एक रचले असते तर चंद्रापर्यंत जिना झाला असता आणि वर हवा खायला एक सज्जाही निघाला असता. निवृत्त झाल्यावर वॉर्ड समितीनं त्यांना मानद सचिव केलं. मानद म्हणजे काम सगळं आपलं, आणि सभेतला चहासुद्धा घरून थर्मासमध्ये न्यायचा.

पत्रात म्हटलं होतं, की समितीचा ठराव परत पाठवण्यात येत आहे. सार्वजनिक सेवेबद्दल काहीही ठरवायचं तर वंचित घटकांतल्या किमान तीन महिलांचा त्यात सहभाग हवा, त्यांची मतं इतिवृत्तात यायला हवीत, आणि हे सगळं नीट होतंय की नाही ते पाहायला पालिकेच्या सहभाग कक्षाच्या मॅडम जातीनं सभेला हजर राहतील.

"परत?" जावकराव आरशाला म्हणाले. आरशातला अर्ध्या दाढीचा गृहस्थही हादरलेला दिसला. त्यांच्या हातून गेलेला कागद आजवर परत आला नव्हता. पोहोचलाही नसेल कधी, पण परत आला नव्हता.

ठराव तसा साधा होता. वॉर्डाच्या दवाखान्यात बाजाराच्या बाजूला एक खोली होती. तिथे मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक बायकांसाठी डॉक्टरीणबाई बसत. नोंदवहीप्रमाणे सहा महिन्यांत तीन बायका आल्या होत्या, त्यांतली एक पत्ता विचारायला. बिचाऱ्या डॉक्टरीणबाई बसून बसून अकरा स्वेटर विणून मोकळ्या झाल्या होत्या. घरातली माणसं संपल्यावर बारावा त्यांनी खोलीतल्या वजनकाट्याच्या मापानं विणायला घेतला होता, असं कंपाउंडर शपथेवर सांगे. तेव्हा ही सेवा बंद करून त्या खोलीत ज्येष्ठांसाठी वाचनालय काढावं, असा समितीचा ठराव होता.

आणि त्या वाचनालयात एक टेबल येणार होतं. सचिवाचं. त्याला ड्रॉवर, ड्रॉवरला कुलूप. निवृत्त माणसाला पेन्शन मिळतं, पण टेबल मिळत नाही, हे दुःख ज्यांच्याकडे कधी टेबल नव्हतं त्यांना कळायचं नाही. जावकराव दोन वर्षं डायनिंग टेबलावर इतिवृत्तं लिहीत होते आणि त्यांतल्या काही पानांवर आमटीचे शेरे होते. खोलीची मापं त्यांनी घेऊन ठेवली होती. खिडकीजवळ टेबल, टेबलावर काच, काचेखाली महत्त्वाचे नंबर. पाटीसुद्धा रंगवून झाली होती.

"तीन वंचित महिला हव्यात," त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जाहीर केलं.

"मी चालेन का?" बायको मागं न वळता म्हणाली.

"चेष्टा नकोय. सरकारी काम आहे."

"मी कुठे चेष्टा करतेय? चौतीस वर्षं घरात बोललेलं ऐकायला वेळ नव्हता, आता गावातल्या बायकांची मतं गोळा करायला निघालात. आधी दाढी पूर्ण करा. त्या घाबरतील."

जावकरावांनी हा शेरा दप्तरी दाखल केला आणि कामाला लागले.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती इथे सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातून झाला. ते इतिवृत्त सभेच्या आधी लिहीत. कचेरीतली जुनी शिस्त होती ती. सभेनंतर लिहायला बसलं की कोण काय बोललं ते आठवत बसावं लागतं, माणसं विषय सोडून बोलतात, मध्येच कोणी भांडतं, आणि मग कागद गिचमिड होतो. आधी लिहिलं की सगळं स्वच्छ. 'साधकबाधक चर्चा झाली. सर्वानुमते मंजूर.' सभा झाली नाही तरी इतिवृत्ताचं काही अडत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्याप्रमाणे त्यांनी त्याच दुपारी सुवाच्य अक्षरात अडीच पानं लिहून काढली. फक्त महिलांच्या नावांच्या जागी तीन टिंबटिंबं सोडली.

आता टिंबटिंबं भरायची तेवढी राहिली होती.

सभा पुढच्या बुधवारी सकाळी अकराला ठेवली. निमंत्रणं गेली, तीही रीतसर टपालानं. पाकिटांवर 'वंचित महिला, बाजार परिसर' असा पत्ता. चौथ्या दिवशी तिन्ही पाकिटं परत आली. पोस्टमननं वर तिरकं लिहिलं होतं: 'पत्ता अपुरा. बऱ्याच आहेत.'

आठवड्यात दुसऱ्यांदा परत! जावकरावांना रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी अकराला समितीचे सभासद आले, सहभाग कक्षाच्या मॅडम आल्या, बिस्किटं आली. वंचित महिला आल्या नाहीत. मॅडम वयानं तरुण, आवाजानं मऊ आणि नियमानं पोलादी होत्या. बारापर्यंत वाट पाहून त्यांनी एक बिस्किट खाल्लं, वहीत काहीतरी लिहिलं आणि "पुढच्या बुधवारी," एवढंच म्हणून गेल्या.

"त्यात काय एवढं?" समितीचे अध्यक्ष म्हणाले. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि जगातली प्रत्येक अडचण योग्य मापाचा स्क्रू मिळाला की सुटते, अशी त्यांची श्रद्धा होती. "तीन बायका हव्यात ना? मी आणतो. सोडा माझ्यावर."

पुढच्या बुधवारी अध्यक्षांनी खरंच तीन बायका आणल्या. त्यांच्याच गाडीतून उतरल्या. एक त्यांची पत्नी, एक मेहुणी, एक विहीणबाई. तिघींनी अंगावरचं सोनं घरी ठेवलं होतं, एवढं मात्र मान्य करायला हवं. मॅडमनी हसतमुखानं एकेक फॉर्म दिला. त्यात 'वंचिततेचे स्वरूप' असा रकाना होता. अध्यक्षीणबाईंनी क्षणाचाही विचार न करता लिहिलं, 'नवरा ऐकत नाही.' मेहुणीनं खाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं. विहीणबाईंना जागा पुरेना, त्यांनी पुरवणी मागितली.

मॅडमनी तिन्ही फॉर्म घडी घालून पर्समध्ये ठेवले. "हा फार महत्त्वाचा विषय आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "पण वेगळ्या कक्षाकडे येतो. आता शेवटची संधी. सभा झाली नाही तर ठराव रद्द समजण्यात येईल."

रद्द! जावकरावांच्या डोळ्यांसमोरून ते टेबल ड्रॉवरसकट चालत निघून गेलं.

संध्याकाळी शेजारचे मॅनेजर सांत्वनाला आले. हे बँकेतून निवृत्त झालेले, समितीचे सभासद, आणि कुठल्याही सभेत पाचव्या मिनिटाला डोळे उघडे ठेवून झोपण्यात निष्णात. "जावकराव, तुमची चूक काय होते सांगू? तुम्ही वरून खाली जाताय. खालून वर या."

"म्हणजे काय करू?"

"ते मला माहीत नाही. मी दिशा सांगितली."

आतून बायको म्हणाली, "अहो, आपल्या मावशींना विचारलंत का?"

मावशी म्हणजे घरात चौदा वर्षं धुणंभांडी करणाऱ्या बाई. जावकराव त्यांच्याशी या चौदा वर्षांत "पाय पुसून या" आणि "माझा चष्मा पाहिलात का" ही दोनच वाक्यं बोलले होते. दुसऱ्या दिवशी ते मोरीपाशी खुर्ची टाकून बसले आणि पत्र वाचून दाखवू लागले. मावशींनी कढई घासत सगळं ऐकलं.

"म्हणजे मीटिंगीला यायचं?"

"हो. अकरा वाजता."

"अकराला मी मॅनेजरांकडं असते. साडेअकराला त्याच्या वरच्या मजल्यावर. बारा वाजता कोपऱ्यावरच्या बंगल्यात. तिथं उशीर झाला तर बाईसाहेब घड्याळाकडं बघत नाहीत, माझ्याकडं बघतात."

"एक दिवस सुट्टी घ्या."

"मागच्या वर्षी नातीच्या जन्माला एक घेतली होती. ती अजून ऐकून घेतेय."

जावकरावांनी हे आव्हान स्वीकारलं. मावशींच्या कामाच्या सहाही घरी ते स्वतः गेले, एका तासासाठी मावशींना मोकळं करण्याची विनंती घेऊन. पहिल्या घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरी विचारलं, "मग भांडी तुम्ही घासणार का?" तिसऱ्या घरी हा प्रश्न चौथ्या घराला फोनवरून सांगण्यात आला. बंगल्यातल्या बाईसाहेबांनी तर दारातूनच विचारलं, "तुम्ही मावशींचे कोण?" चौतीस वर्षं नोकरी केलेला माणूस तिथं पायरीवर उभा होता आणि आपण मावशींचे कोण, याचं उत्तर त्याला देता आलं नाही. सहा घरांतून मिळून त्यांना पंचवीस मिनिटं मंजूर झाली. तीही वेगवेगळ्या दिवशी.

मग ते बाजारात गेले. दवाखान्याच्या भिंतीला टेकून एक लिंबूवाली बसे. सगळे तिला लिंबूआजी म्हणत. जावकराव तिच्यासमोर उकिडवे बसले, कारण पत्र उभ्यानं वाचणं बरं दिसेना.

"किती देऊ, बाळ?" आजी म्हणाली.

बासष्टाव्या वर्षी भर बाजारात कोणी बाळ म्हणालं की मानद सचिवाला जे वाटायचं ते त्यांना वाटलं. तरी त्यांनी पत्र पूर्ण वाचलं.

"येते की," आजी म्हणाली. "पण अकराला गिऱ्हाईक असतं. टोपलीवर तुझे अध्यक्ष बसतील का?"

"ते कसे बसतील?"

"मग मी कशी येऊ?"

तिसरी बाई होती रस्ता झाडणारी. तिला सगळे कमिशनर म्हणत, कारण तिच्या झाडूसमोर मोटारवालेसुद्धा बाजूला होत. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत तिची ड्यूटी. जावकराव तिच्याशी बोलायला फुटपाथवरून खाली उतरले तेव्हा तिनं न थांबता त्यांना झाडून परत फुटपाथवर आणलं.

"बोला तिथनंच. ऐकू येतं."

"सभेला यायचं आहे. पालिकेचंच काम आहे. तुम्ही पण पालिकेच्याच!"

"मग पालिकेला सांगा मला सोडायला. मुकादम म्हणतो, झाडू खाली ठेवला की हजेरी अर्धी. तुम्ही धरता का झाडू?"

त्या आठवड्यात जावकरावांना भांडी घासायला, लिंबं विकायला आणि रस्ता झाडायला अशी तीन बोलावणी आली. निवृत्तीनंतर माणसाला मागणी राहत नाही म्हणतात, ते खोटं आहे.

त्यांनी मग एक मोठा कागद घेतला, उभ्या-आडव्या रेघा मारल्या आणि तिघींचा दिवस त्यात भरला. कचेरीतल्या माणसाला रेघा मारल्या की अर्धं दुखणं कमी होतं. मावशी दुपारी साडेतीनला सुटतात. लिंबूआजीचा बाजार तीन ते साडेचार सुस्त असतो. कमिशनर एकला सुटते, घरी जाऊन पाण्याच्या रांगेत उभी राहते आणि साडेतीनपर्यंत मोकळी होते. तिघींच्या दिवसाला जिथं एकच भोक पडत होतं, ते होतं दुपारी पावणेचार ते साडेचार.

"पावणेचार?" अध्यक्ष किंचाळले. "अहो, तेव्हा माणसं झोपतात!"

"कोण माणसं?" जावकरावांच्या बायकोनं चहाचा ट्रे ठेवता ठेवता विचारलं. त्यावर अध्यक्षांनी चहा फार छान झाल्याचं सांगितलं.

सभेच्या दिवशी आणखी एक भानगड झाली. सभागृहाचा राखणदारही त्या वेळी झोपत असे, तेही किल्ली उशाखाली घेऊन, आणि तो उठल्याची नोंद कोणाकडेच नव्हती. शेवटी सभा दवाखान्याच्या व्हरांड्यात भरली, ज्या खोलीचा निकाल लावायचा तिच्याच दारात. सभासद जांभया देत बाकांवर बसले. मॅडम वही उघडून बसल्या. लिंबूआजी टोपलीसकट आली आणि टोपली अध्यक्षांच्या पायाशी ठेवली. टोपली आली म्हणून मागून दोन गिऱ्हाइकंही आली. कमिशनरनं बसण्याआधी बाक झाडून घेतलं. मावशींचे हात अजून ओले होते.

जावकरावांनी टिंबटिंबं भरली. आयुष्यात इतक्या समाधानानं त्यांनी कधी काही भरलं नव्हतं.

"सभेला सुरुवात करतो," अध्यक्ष म्हणाले. "विषय सगळ्यांना माहीत आहेच—"

"आम्हाला नाही," कमिशनर म्हणाली.

"सचिव, तो कागद वाचा म्हणजे झालं."

अध्यक्षांना म्हणायचं होतं विषयपत्रिका. पण जावकरावांच्या फाइलीत सगळ्यात वर होतं इतिवृत्त. आणि झोपेच्या वेळी, आवाजाची पट्टी लावून, एकदा वाचायला लागल्यावर चौतीस वर्षांची सवय थांबते थोडीच!

"'सभेस उपस्थित महिलांनी समितीचे मनःपूर्वक आभार मानले,'" जावकरावांनी वाचलं. "'त्या म्हणाल्या की, महिलांसाठीच्या दवाखान्याची आम्हांस गरज भासत नाही.'"

"कोण म्हणालं?" कमिशनर.

"तुम्ही," जावकराव कागदातून मान वर न काढता म्हणाले.

"कधी?"

जावकरावांनी मान वर काढली. व्हरांड्यात सगळे त्यांच्याकडे बघत होते. काय हातात धरलंय ते त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे... आत्ता म्हणणार आहात."

मग लिंबूआजी पुढं सरकली. "थांबलास का, बाळ? वाच ना. मी आणखी काय काय म्हणते ते मला ऐकू दे."

"ते... ते फक्त टिपण आहे..."

"वाचा," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या.

वाचणं भाग होतं. "'वृद्ध महिला प्रतिनिधींनी सांगितले की, आमची प्रकृती उत्तम असून...'"

"ही मीच ना?" आजी म्हणाली. "बघा, उत्तम आहे म्हणे! वर्ष झालं पोटात डाव्या बाजूला गोळा येतो, उठताना भिंत धरावी लागते. आणि मला कुणी सांगितलंच नाही की मी उत्तम आहे म्हणून!"

"'घरकामगार महिला प्रतिनिधींनी वाचनालयाच्या कल्पनेचे स्वागत करून, ज्येष्ठांची सेवा हीच आमची सेवा, असे उद्गार काढले.'"

"अगंबाई," मावशी म्हणाल्या, "किती गोड बोलले मी!" आणि जागोजागी चिरा गेलेली आपली बोटं त्यांनी मांडीवर उलटीसुलटी करून पाहिली, जणू असले उद्गार काढणारीचे हात कसे असतात ते तपासत होत्या.

"'टाळ्यांच्या गजरात...'" जावकराव पुटपुटले.

"टाळ्या राहिल्याच की," कमिशनर म्हणाली. "वाजवा ग बायांनो. लिहिलंय त्यांनी." आणि तिघींनी खरंच टाळ्या वाजवल्या. कमिशनरला टाळ्या वाजवता वाजवता खोकल्याची अशी उबळ आली की ती बाकाला धरून वाकली आणि बराच वेळ सरळ झाली नाही. मॅडमनी पाण्याची बाटली पुढं केली.

"आठ महिने झाले," तिच्या पाठीवर हात फिरवत मावशी म्हणाल्या. "धूळ जाते छातीत."

"मग दाखवत का नाही?" अध्यक्ष कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "दवाखाना समोर आहे! दोन दिवस उघडा असतो! सहा महिन्यांत तीन जणी आल्या! तुम्हीच येत नाही, तर पालिकेनं काय करावं?"

"कितीला उघडतो?" मावशींनी विचारलं.

"अकराला."

मावशींनी जावकरावांकडे पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

आणि जावकरावांना आपला तो रेघांचा कागद दिसायला लागला. तीन आठवडे. सहा घरांच्या पायऱ्या. बाजारात उकिडवं बसणं. फुटपाथवर परत झाडलं जाणं. अकरा वाजता एका बाईला एक तास आणायचं म्हणून त्यांनी जंग जंग पछाडलं होतं आणि एकीलाही आणता आलं नव्हतं. ज्या वेळेला सभेला यायला जमेना, त्याच वेळेला या बायका पोटातला गोळा घेऊन दवाखान्यात कशा येणार होत्या? नोंदवहीत तीन आकडा का होता, हे सगळ्या वॉर्डात फक्त एका माणसाला रकान्यांसकट माहीत होतं, आणि तो मनातल्या मनात त्या खोलीत खिडकीजवळ टेबल मांडून बसला होता.

"माझ्या जागेवरनं या दारापर्यंत वीस पावलं आहेत," लिंबूआजी टोपली जवळ ओढत म्हणाली. "वर्षभर मोजतेय. उठले की गिऱ्हाईक येतं. तुझा दवाखाना दुपारचा उघड, बाळ, मग बघ आम्ही येतो की नाही."

"चला, मत नोंदवलं," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "आता ठराव मताला टाकू."

मॅडमनी पेन वर केलं. "एक अडचण आहे. या तिघी निमंत्रित आहेत. त्यांना मत मांडता येतं, ठराव मांडता येत नाही. वेळ बदलायची दुसरी सूचना असेल तर ती सभासदानं मांडायला हवी. सूचक आणि अनुमोदक. नाहीतर मूळ ठरावच मताला जाईल."

हा नियम ज्यानं केला त्याला एकदा व्हरांड्यात आणून बसवलं पाहिजे होतं. तीन बायका बोलल्या, सगळ्यांनी ऐकलं, वहीत उतरलं, आणि तरी तो शब्द समितीतल्या कुणाच्या तोंडून पुन्हा निघाल्याशिवाय त्याला वजन नव्हतं. सभासदांनी छताकडे पाहिलं. छत पाहण्यासारखं नव्हतं. मावशी उठून उभ्या राहिल्या. सव्वाचार झाले होते, त्यांना जायचं होतं.

"सूचक कोण?" मॅडमनी विचारलं.

जावकरावांनी चौतीस वर्षांत हजारो ठराव पाकिटात घातले होते. त्यांतल्या एकावरही 'सूचक' या शब्दापुढं त्यांचं नाव नव्हतं. तो रकाना नेहमी दुसऱ्या कुणाचा असतो, अशीच त्यांची समजूत होती.

"मी," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी स्वतःच मागं वळून पाहिलं. मग घसा खाकरला. "मी सूचक. दवाखाना याच खोलीत राहावा. वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच."

"जावकराव!" अध्यक्ष ओरडले. "आणि वाचनालय? तुमचं टेबल?"

"डायनिंग टेबल मोठं आहे आमचं," जावकराव म्हणाले. हे म्हणताना त्यांना जे झालं ते त्यांनी पुढं कुणाला सांगितलं नाही. इतिवृत्तातही नाही.

"अनुमोदक?" मॅडम.

कोणी हलेना. लिंबाचं गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून उभं होतं. आणि मग कोपऱ्यातल्या बाकावरून एक हात सावकाश वर गेला. मॅनेजरांचा.

"मॅनेजर, अनुमोदन," मॅडमनी लिहूनही टाकलं.

मॅनेजर जागे झाले. "अहो, मी लिंबं मागत होतो. दोन द्या म्हणून." मग त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, वर असलेला स्वतःचा हात पाहिला, आणि त्याच वेळी, सकाळी त्यांच्या घरची भांडी घासून गेलेल्या मावशीही त्यांना दिसल्या. "कशाचं अनुमोदन आहे?"

"दुपारच्या दवाखान्याचं," कुणीतरी म्हणालं.

"राहू द्या," मॅनेजर भारदस्तपणे म्हणाले. "एकदा वर गेलेला हात खाली घ्यायला मी काही शिकाऊ कारकून नाही. पण लिंबंही हवीत."

मग ठराव मताला गेला. चार बाजूनं, तीन विरुद्ध. विरोधातल्या तिघांनी झोपमोड हे कारण नोंदवायला सांगितलं. जावकरावांनी ती अडीच पानं फाडली नाहीत, कागद फाडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी ती उलटी केली आणि कोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. तिघी भोवती उभ्या राहून सांगत होत्या, मधूनच भांडत होत्या, विषय सोडून बोलत होत्या. कमिशनरनं 'खोकला' शब्दावर बोट ठेवून तो नीट लिहिलाय ना, हे मॅडमकडून खात्री करून घेतलं. कागद अगदी गिचमिड झाला. तो पालिकेत गेला आणि परत आला नाही.

पंधरा दिवसांनी मंगळवारी दुपारी साडेतीनला खोली उघडली, तेव्हा रांग व्हरांडा उतरून लिंबांच्या टोपलीपर्यंत आली होती. भाजीवाल्या होत्या, शिलाई कारखान्यातल्या दोघी होत्या, बंगल्यातल्या बाईसाहेबांची स्वयंपाकीणही होती. डॉक्टरीणबाईंनी विणकामाच्या सुया पिशवीत टाकल्या त्या साडेपाचपर्यंत काढल्या नाहीत. जावकराव पाहणी करायला आले होते, पण कमिशनरनं त्यांना "साहेब, ही बायकांची रांग आहे," म्हणून रस्त्यापलीकडं नेऊन उभं केलं. मग ते तिथून बघत राहिले.

लिंबूआजी पाचाच्या सुमारास बाहेर आली. तिच्या एका हातात औषधाची बाटली, दुसऱ्या हातात तपासणीची चिठ्ठी होती. रस्ता ओलांडून ती त्यांच्याजवळ आली.

"काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?" जावकरावांनी काळजीनं विचारलं.

"चिडली की माझ्यावर! म्हणाली, आजी, वर्षभर दुखतंय आणि इतके दिवस होता कुठं?"

"मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" आजी म्हणाली. "म्हटलं, मीटिंग ठरत होती."